‘होर्तुस मलबारिकुस’ ग्रंथांतील नागरी दाखला

डच ग्रंथकारांची भारतविषयक पुस्तकें आपल्याकडील संशोधक बहुधा व्यापार व राजकारण यांच्या माहितीसाठीं चाळतात. परंतु आम्स्टरडॅम येथें १६७८ सालीं निघालेल्या एका वनस्पतिग्रंथाच्या पहिल्या खंडांत नागरी लिपींतील एक दाखला आहे. तो हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य पाहावा.

ग्रंथाचें नांव ‘होर्तुस मलबारिकुस’, म्हणजे मलबारचें उद्यान. कर्ता हेंड्रिक व्हान र्‍हेडे (१६३६-१६९१) हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा सेवक. डचांनीं १६६३ मध्यें पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलें, त्या मोहिमेंत तो होता. पुढें तो मलबारचा मुख्य अधिकारी झाला. त्याच्या ग्रंथाचे बारा खंड १६९३ पर्यंत निघाले. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें व ७९४ चित्रें आहेत. शेवटचे खंड पाहणें मात्र त्याच्या नशिबीं नव्हतें. डिसेंबर १६९१ मध्यें सुरतेच्या वाटेवर मुंबईनजीक समुद्रांतच तो वारला. त्याची भव्य कबर सुरतेस आहे.

वनस्पतींचे गुण सांगणारे एतद्देशीय वैद्य होते. इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्याचें कथन इमॅन्युएल कार्नेरो या दुभाष्यानें पोर्तुगीज भाषेंत आणलें व तेथून तें लॅटिन भाषेंत गेलें. दुसरे तिघे रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे कोचीनचे कोंकणी ब्राह्मण होत. पोर्तुगीजांच्या जाचामुळें सोळाव्या शतकांत गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या समाजांतले ते होते. सुमारें दोन वर्षें आपण या कामीं राबलों, अशी साक्ष त्यांनीं एप्रिल १६७५ मध्यें लिहून दिली. भाषा कोंकणी, लिपि नागरी. आपल्या आधारग्रंथाचा उल्लेखही त्यांनीं केला आहे. लॅटिन वळणांतून त्याचें मूळ नांव ‘महानिघंटु’ असें निघतें.

लॅटिन मजकुरांत या तिघांचीं नांवें ‘रंगा बोत्तो’, ‘विनाइके पंडितो’, ‘आपू बोत्तो’ अशीं आढळतात. अंत्य ओकार पोर्तुगीज दुभाष्याच्या तोंडचा असूं शकेल; परंतु ‘भट’ शब्दाच्या आद्य अकाराचा ओकार कोंकणी उच्चाराशीं जुळतो. दाखला खिळ्यांनीं जुळविलेला नसून कोरून छापलेला असल्यामुळें सतराव्या शतकांतील अक्षरवळणाची प्रतिकृति आपणांस मिळते. कोरणारा नागरी न जाणणारा होता, हें मात्र वाचतांना विसरूं नये. एखादी विचित्र रेघ मूळ लेखकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

पुढें लिनिअसनें १७५३ च्या आपल्या ग्रंथांत र्‍हेडेच्या चित्रांचा आधार घेतला. आपल्या करंजाचें ‘पोंगामिया’ हें नांव र्‍हेडेनें नोंदलेल्या ‘पोंगम’ या मलबारी शब्दावरून आलें आहे. र्‍हेडेचा मोठेपणा असा कीं, ज्यांच्याकडून ज्ञान घेतलें त्यांचीं नांवें त्यानें पुसलीं नाहींत.

मन्मथस्वामींच्या या क्षेत्रीं बसून दूरच्या ग्रंथाविषयीं लिहिण्याचें प्रयोजन एवढेंच. आमच्या भागांत ‘परमरहस्या’ची पोथी रेशमी रुमालांत जपली जाते, पण त्याच बस्त्यांतील औषधींचीं सुटीं पानें, त्यांवर ग्रंथनाम नाहीं म्हणून, बाजूस टाकलीं जातात. कोचीनच्या त्या तिघा वैद्यांचीं नांवें एका दाखल्यामुळें उरलीं. आमच्या वैद्यांचा दाखला म्हणजे तीं सुटीं पानेंच होत. संग्राहकांनीं तीं टाकण्यापूर्वीं एकवार वाचावीं, ही विनंति.

कपिलधार, जि. बीड