शिळाछापाची रंगीत चित्रे

चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढून ती ओली केली की शाई फक्त रेघांनाच धरते. आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शोधलेले हे तंत्र. रंगीत चित्राला दर रंगाची वेगळी शिळा लागे; कागद जरासा सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेल्या पुण्याच्या चित्रशाळेने अशी चित्रे छापली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. या छापखान्याच्या चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत पोहोचल्या. हौशी हातांनी त्यांना जर-टिकल्यांचे शालूही चढवले. समीक्षकांनी बाजारू म्हणून नाक मुरडलेली ही चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात.