गोधडीतील वर्णभेद

‘वर्ण’ हा शब्द संस्कृतात व मराठीतही रंग आणि उच्चारित ध्वनी अशा दोन्ही अर्थांनी योजिला जातो. (त्याचा समाजव्यवस्थेतील तिसरा अर्थ येथे अप्रस्तुत आहे.) केवळ शब्द एक आहे एवढ्यावरून दोन वस्तूंचे साम्य सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. तथापि कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीतील रंगयोजना समजावून घेताना ध्वनिविचारातील एक तत्त्व फार उपयोगी पडते. ते असे की, भाषेतील एकक केवळ त्याच्या अंगभूत गुणांनी ठरत नाही. त्याच व्यवस्थेतील इतर एककांहून असलेल्या त्याच्या भेदाने ते ठरते. संख्यावाचक ‘चार’ आणि गुरांचा ‘चारा’ यांतील ‘च’ लिपीत एकच असला तरी मराठी कानाला ते दोन निरनिराळे ध्वनी आहेत. हिंदी भाषकाला हा भेद सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेने तो कामाला लावलेला नाही. गोधडीतील दोन लाल तुकडे हे एक रंग मानावयाचे की दोन, हा प्रश्नही याच जातीचा आहे. त्याचे उत्तर त्या दोन तुकड्यांकडे पाहून मिळत नाही; त्यासाठी सबंध गोधडी पाहावी लागते.

हा प्रश्न वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. गोधडी ही टिकणारी वस्तू नव्हे. जुन्या लुगड्या-धोतरांची ती शिवली जाते, वर्षानुवर्षे अंगाखाली-अंगावर वापरली जाते, विरते, आणि पुष्कळदा अखेर दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. अशा वस्तूची नोंद घेणाऱ्याने ‘रंग : लाल, निळा, पिवळा, हिरवा व पांढरा’ एवढेच लिहून ठेवले, तर काही काळाने वस्तू नाहीशी होते आणि नोंदीवरून तिची रचना मनासमोर उभी करता येत नाही. शब्दांची यादी आहे, पण व्याकरण नाही, अशी ही स्थिती होय.

रंगाच्या वर्णनाला तीन परिमाणे लागतात, अशी मांडणी अमेरिकन चित्रकला-शिक्षक आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली केली व ती पुढे सर्वत्र रूढ झाली. ही परिमाणे म्हणजे रंग (तांबडा, पिवळा, निळा इत्यादी), उजळपणा आणि तीव्रता. व्यवहारातील मराठी शब्द या परिमाणांची नीट फोड करीत नाहीत. ‘गडद निळा’ म्हणताना उजळपणाचा अभाव अभिप्रेत असतो. ‘गडद पिवळा’ म्हणताना मात्र तीव्रता. गडद पिवळा तुकडा काळ्याकडे जात नाही, हळदीकडे जातो. ‘फिका’ हा शब्द तर उजळपणा, मंदपणा आणि बिनसाखरेचा चहा या तिघांनाही सारखाच चालतो. याउलट लुगड्यांच्या व्यवहारातील नावे अधिक नेमकी आहेत. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपंखी, अबोली या नावांत रंगाबरोबर उजळपणाही बहुधा अध्याहृत असतो. आमसुली म्हटले की तो काळपटच असावयाचा. सबब नोंदीत ‘लाल’ लिहिण्यापेक्षा घरातील स्त्रीने सांगितलेला शब्द जसाच्या तसा उतरून घेणे श्रेयस्कर.

तीन परिमाणांपैकी गोधडीची आकृती मुख्यतः उजळपणावर उभी असते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील ‘लॉग कॅबिन’ या प्रकारात सापडते. लाकडी ओंडके एकावर एक रचावेत त्याप्रमाणे मधल्या लहान चौकोनाभोवती कापडाच्या अरुंद पट्ट्या क्रमाने शिवीत नेतात. मधला चौकोन अनेकदा लाल असतो. पट्ट्या मिळेल त्या चिंध्यांच्या असतात, त्यांत छापील फुले असतात, रेघा असतात, चौकडीही असते. परंतु लगतच्या दोन बाजूंच्या पट्ट्या उजळ आणि उरलेल्या दोन बाजूंच्या गडद, हा दंडक मोडत नाही. त्यामुळे प्रत्येक चौकोन कर्णरेषेवर उजेड आणि अंधार असा दुभागतो. असे चौकोन फिरवून फिरवून जोडले की कधी तिरपे तास पडलेले शेत दिसते (‘स्ट्रेट फरो’), कधी एकात एक बसलेले मोठे समभुज आकार दिसतात (‘बार्न रेझिंग’). चौकोन तेच, मांडणी निराळी. अशा गोधडीत चाळीस प्रकारची कापडे असली तरी व्यवस्थेच्या दृष्टीने मधला चौकोन वगळता वर्ण दोनच आहेत. चाळीस कापडे ही त्या दोन वर्णांची स्थानपरत्वे येणारी रूपे होत. नोंद करणाऱ्याने चाळीसांची यादी दिली आणि हा द्विविध भेद सांगितला नाही, तर त्याने सर्व काही लिहून मुख्य तेवढे वगळले असे होईल.

याच देशातील पेन्सिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यात आमिश पंथाच्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४०च्या सुमारापर्यंत शिवलेल्या गोधड्या पाहिल्या म्हणजे नियम कसा पालटतो ते कळते. येथे छापील कापड वर्ज्य. सारा खेळ साध्या, एकरंगी व पुष्कळदा बारीक लोकरी कापडाचा. त्यांच्या ‘सनशाइन अँड शॅडो’ या प्रकारात लहान चौरसांची समकेंद्री वलये असतात आणि प्रत्येक वलयाचा रंग शेजारच्याहून एका पायरीने पुढे गेलेला असतो. येथे दोन लाल हे खरोखरच दोन वर्ण आहेत. त्यांना एक मानले तर वलय नाहीसे होते. त्यांच्याच मोठ्या ‘सेंटर डायमंड’मध्ये कधी जवळजवळ सारख्या उजळपणाचे लाल आणि हिरवे लगोलग येतात. तेव्हा दोहोंमधील कड स्थिर राहत नाही, थरथरल्यासारखी दिसते, कारण डोळा कड ओळखतो ती प्रामुख्याने उजेडाच्या फरकावरून. आकृती स्पष्ट करावयाची असेल तर हा दोष ठरेल. आमिश गोधडीत तोच गुण आहे.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो, ही गोष्ट शास्त्रीय पायावर मांडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही कापडाच्याच निमित्ताने. मिशेल-युजेन शेव्रल हा १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ विणकाम-कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तेथील काळ्या धाग्यात पुरेसा जोर नाही, अशी तक्रार होती. शेव्रलने तपासले तेव्हा रंगात खोट आढळली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा दुबळा भासत होता. या शोधातून १८३९ साली त्याचा रंगविरोधावरील ग्रंथ निघाला. विसाव्या शतकात योझेफ आल्बर्स याने १९६३च्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व रंगीत कागदांच्या प्रयोगांनी टोकास नेले : एकच कागद दोन पार्श्वभूमींवर दोन रंगांचा दिसू शकतो आणि दोन भिन्न कागद एक भासू शकतात.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होलस्टीन व गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहातील गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या. त्या प्रदर्शनाने गोधडीला प्रतिष्ठा मिळवून दिली हे खरे; पण त्याबरोबर तिला आधुनिक अमूर्त चित्राची नातलग ठरविण्याची सवयही लावली. अंथरूण आडवे असते, जवळून व तिरप्या नजरेने पाहिले जाते. भिंत दुरून व समोरून. दुरून पाहताना लहान छाप मिसळून एक होतात आणि उजळ-गडदाचा भेद तेवढा उरतो. पुढे केवळ भिंतीसाठीच गोधड्या करणारे कलावंत निघाले. ओहायोतील अथेन्स येथे १९७९ पासून ‘क्विल्ट नॅशनल’ हे द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागले. त्याच्या संस्थापकांपैकी नॅन्सी क्रो हिच्यासारख्या कलावंतांनी कापड स्वतः रंगविण्याचा मार्ग धरला. १९५६ साली बाजारात आलेल्या प्रोसिऑन रंगांमुळे सुती कापड न उकळता घरी रंगविणे शक्य झाले होते, व एका रंगाच्या आठ-दहा चढत्या पायऱ्या मनाजोगत्या मिळू लागल्या. दुकानातील ठाणांनी दिलेला शब्दसंग्रह संपून स्वतःचा सुरू झाला, असे म्हणता येईल.

या कलेच्या शिक्षणात रंगचक्रावर फार भर दिला जातो : परस्परपूरक जोडी, लगतचे तीन रंग, त्रिकोणी योजना इत्यादी. या योजना केवळ पहिल्या परिमाणाविषयी बोलतात, म्हणून एकाच योजनेच्या दोन गोधड्या एकमेकींना ओळखही देत नाहीत. योहानेस इटेन याने १९६१च्या ग्रंथात गटेच्या आधारे दिलेले क्षेत्रप्रमाण त्या मानाने अधिक कामाचे आहे. पिवळा मुळातच उजळ असल्याने त्याचा एक भाग जांभळ्याच्या तीन भागांना तोलतो. नारिंगी व निळा यांचे प्रमाण एकास दोन. लाल व हिरवा समसमान. गोधडीच्या काठाची रुंदी ठरविताना याचा उपयोग होतो. उजळपणा पारखण्यासाठी डोळे किलकिले करून पाहण्याची जुनी रीत आजही पुरेशी आहे. काही जण लाल काचकागदातून पाहतात. परंतु त्यातून लाल तुकडे खोटेच उजळ दिसतात आणि हिरवे काळवंडतात.

आपल्याकडील गोधडीत निवडीला वाव थोडा असतो. घरात जे लुगडे फाटले तेच हाताशी येते. तरीही व्यवस्था असतेच. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ कडेकडून आत शिवीत नेतात. तुकडे एकावर एक चढवीत मध्यापर्यंत जावयाचे, आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ म्हणून दुमडलेले लहान तुकडे बसवावयाचे. मराठी गोधडीतही जवळजवळ भरलेला धावदोरा असतो. त्याचा पांढरा दोरा गडद कापडावर ठिपक्यांची साय धरतो व तो तुकडा दुरून एक पायरी उजळ करतो. उजळ तुकड्यावर तोच दोरा दिसतही नाही. म्हणजे शिवणही रंगयोजनेत भाग घेते.

धुण्याचाही भाग आहे. अलाबामातील गीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या विजारींतून केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाल्या. त्यांतील विटलेल्या निळ्यात मधेच गर्द निळे चौकोन दिसतात. ते पूर्वी खिशाखाली झाकलेले कापड होय. मराठी गोधडीत असा पुरावा शिवणीआड मिळतो. जुन्या गोधडीची नोंद करताना एखादी दुमडलेली कड उसवली असेल तेथे आतला रंग पाहून घ्यावा. उन्हापाण्याने बाहेर डाळिंबी व आमसुली हे दोन्ही एकाच करड्याला येऊन मिळालेले असतात. आत मात्र त्यांचा भेद शाबूत असतो.