नामनिर्देशन म्हणजे दान नव्हे

आमच्या एका शिक्षकबंधूंची ही हकीकत आहे. नोकरीस लागले तेव्हां ते अविवाहित होते. बँकेंत खातें उघडतांना कारकुनानें विचारलें, "वारस कोण?" त्यांनीं धाकट्या भावाचें नांव सांगितलें. पुढें लग्न झालें, दोन कन्या झाल्या, मातोश्री निवर्तल्या. निवृत्तीची सर्व पुंजी त्याच खात्यांत राहिली. नांव मात्र बदलावयाचें राहून गेलें. ते वारल्यावर बँकेनें रक्कम भावाच्या हवालीं केली. भाऊ लबाड नव्हता. दादांनीं आपणांसच दिलें, असें त्याला प्रामाणिकपणें वाटलें. वहिनींस तसें वाटलें नाहीं. एका पंक्तीस बसणारीं माणसें आज कोर्टांत समोरासमोर उभीं आहेत.

"वारस कोण?" ह्या प्रश्नांतच सारा घोटाळा आहे. अर्जावर ज्याचें नांव असतें तो नामनिर्देशित. तेवढ्यानें तो वारस होत नाहीं. मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत दुसरें निक्षेप, म्हणजे ठेव. ठेव ज्याच्या हातीं, तो तिचा रक्षक, धनी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेंही विम्याविषयीं 1983 सालीं सरबती देवी विरुद्ध उषा देवी ह्या खटल्यांत, बँकेतील ठेवींविषयीं 2010 सालीं व कंपन्यांच्या समभागांविषयीं 2023 सालीं हेंच तत्त्व सांगितलें. नामनिर्देशितानें पैसे घ्यावे व खऱ्या हक्कदारांस पोंचवावे. विम्यापुरता मात्र 2015 च्या दुरुस्तीनें फरक केला: आईबाप, पति, पत्नी वा मुलें ह्यांचें नांव असल्यास रक्कम सामान्यतः त्यांचीच होते.

मग खरे हक्कदार कोण? मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पुरुषाच्या मागें त्याची विधवा, मुलगे, मुली व आई हीं पहिल्या वर्गांत येतात. भाऊ त्या वर्गांत नाहींच. म्हणजे वरील रक्कम वहिनींची व दोन्ही मुलींची होती. भावानें ती सांभाळून पोंचती करावयाची होती.

भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट आणखी निराळी. 1952 च्या योजनेंत असा नियम घातला कीं, कुटुंब नसतांना केलेलें नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द समजावें. म्हणून लग्न होतांच नवा अर्ज भरणें अवश्य. नाहींतर मागें राहिलेल्यांस हेलपाटे चुकत नाहींत.

उपाय अवघड नाहीं. मृत्युपत्र साध्या कागदावरही होतें. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं. सही मात्र दोन साक्षीदारांसमक्ष करावी व त्यांनींही सह्या कराव्या. बँकेंत नोव्हेंबर 2025 पासून चार नांवें, प्रत्येकाचा हिस्सा लिहून, देतां येतात. अर्जांतील नांवें व मृत्युपत्रांतील नांवें शक्य तों एकच ठेवावीं, म्हणजे तंट्यास जागाच उरत नाहीं.

जिवंतपणीं मरणाची भाषा अशुभ, असें आमच्या पिढीस वाटतें. आम्हांसही वाटत होतें. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं आपलीं पासबुकें काढून पाहिलीं, तों एका खात्यास आमच्या दिवंगत तीर्थरूपांचेंच नांव निघालें! दुसऱ्याच दिवशीं मंडळींस बरोबर घेऊन बँकेंत गेलों. वाचकांनींही येत्या रविवारीं, जेवणें आटोपल्यावर, सर्वांसमक्ष आपलीं पासबुकें एकदां उघडावीं. पुंजी जमविण्यास आयुष्य लागलें. ती कोणाची हें सांगून ठेवण्यास एक दुपार पुरे.