‘त्वां वृणे’ आणि ‘वर्णी’ : एक अर्थविचार

देवस्थानांचे व अनुष्ठानांचे जुने कागद वाचणारांस ‘वर्णी’ हा शब्द परिचित आहे. संस्कृतज्ञ वाचक त्याचा अर्थ सहजच ‘ब्रह्मचारी’ असा करितो. अमरकोशांत तो अर्थ आहे, व कुमारसंभवाच्या ५ व्या सर्गांत बटुवेषधारी शंकरास कालिदासानें हेंच नांव दिलें आहे. परंतु मराठी कागदांतील ‘वर्णी’ निराळी. तिचें मूळ आम्ही ‘वृ’ धातूंत मानितों.

धातुपाठांत ‘वृञ् वरणे’ हा स्वादिगणांत व ‘वृङ् संभक्तौ’ हा क्र्यादिगणांत सांगितला आहे. ऋत्विजास नेमतांना यजमान ‘त्वां वृणे’ म्हणतो. हें रूप दुसऱ्या धातूचें. पहिल्याचें आत्मनेपदी रूप ‘वृण्वे’ असें झालें असतें. त्यावर ब्राह्मण ‘वृतोऽस्मि’ असें उत्तर देतो व कर्माचा अधिकारी होतो. सारांश, येथें ‘वृ’ म्हणजे नुसतें निवडणें नव्हे. एकाकडे अधिकार जातो, दुसऱ्याकडे दक्षिणेचें दायित्व येतें.

हा अधिकार मात्र त्या कर्मापुरताच असतो. अग्निष्टोमाचे १६ ऋत्विज याग समाप्त होतांच त्या पदावरून मोकळे होतात. ‘ऋतु’ व ‘यज्’ यांपासून साधलेलें त्यांचें नांवही काळाची मर्यादा सुचवितें. गांवचें जोशीपण हें वतन असे व तें पिढीजाद चाले. वरणाचें तसें नाहीं. म्हणून अमुक ब्राह्मण वर्णीस होता, एवढ्यावरून त्याचें घराणें त्या देवस्थानाचें पिढीजाद पुजारी होतें असें अनुमान काढणें सर्वथा अयुक्त होय.

मग अर्थ कसा ठरवावा? मराठी ‘वर्णी’ स्त्रीलिंगी, संस्कृत ‘वर्णी’ पुल्लिंगी. क्रियापद जवळ असल्यास निर्णय तत्काळ होतो. ‘वर्णीस’ अशा रूपांत लिंग लपतें, आणि मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसल्यानें लेखनाचाही आधार मिळत नाहीं. अशा स्थळीं जपाची संख्या, दिवस व दक्षिणा यांचा उल्लेख शेजारीं आहे काय, तें पाहावें. असल्यास ती नेमणूकच समजावी.

आज मंत्रिमंडळांत कोणाची ‘वर्णी लागली’ असें वर्तमानपत्रें लिहितात. यज्ञमंडपांतील शब्द राजकारणांत गेला, तरी नेमणूक मुदतीची असते हा त्याचा मूळ भाव सुटलेला नाहीं. जुना कागद हातीं घेतांना संग्राहकांनीं तोच ध्यानांत ठेवावा, इतकीच आमची विनंति.