‘थांबा’ या सल्ल्याला तारीख हवी

जबड्याची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसाला पुढच्या वर्षभरात सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागतो तो शब्द म्हणजे ‘थांबा’. ओठ बधिर आहे? थांबा, येईल जाणीव. तोंड पुरते उघडत नाही? थांबा, हळूहळू सुटेल. एका बाजूची सूज अजून दिसते? थांबा, वर्ष जाऊ द्या. हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण हाड, नस आणि स्नायू आपापल्या गतीने भरून येतात आणि त्यांना घाई करता येत नाही. पण काही तक्रारी थांबल्याने बऱ्या होतात आणि काही थांबल्याने हाताबाहेर जातात. अडचण अशी की सुरुवातीच्या महिन्यांत या दोन्ही जातींच्या तक्रारी वरून सारख्याच दिसतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की थांबणे हा उपचारच मानावा आणि उपचाराला लागू होणारे नियम त्यालाही लावावेत. कशासाठी थांबायचे, कोणत्या तारखेपर्यंत थांबायचे आणि त्या दिवशी काय मोजून पाहायचे, हे आधी ठरलेले असावे. तारीख नसलेल्या थांबण्यात रुग्ण एकटा पडतो.

ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते हे कळले की मुद्दा स्पष्ट होतो. खालचा जबडा फार पुढे किंवा फार मागे असणे, वरचा जबडा खुजा राहणे, हसताना हिरड्याच दिसणे, पुढचे दात एकमेकांना न टेकणे, असे हाडाचेच दोष नुसत्या तारांनी सुटत नाहीत. अशा वेळी जबडा कापून योग्य जागी बसवतात. वरच्या जबड्याच्या छेदाला ज्यांचे नाव आहे त्या रने ल फोर या फ्रेंच डॉक्टरांनी 1901 मध्ये मृत देहांच्या कवट्यांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात ते दाखवले होते. अपघातात जिथे हाड तुटते, साधारण तिथेच आज सर्जन ते विचारपूर्वक कापतात. खालच्या जबड्याचे हाड उभे चिरून त्याचे दोन पापुद्रे एकमेकांवर सरकवण्याची पद्धत 1950 च्या दशकात ह्यूगो ओब्वेगेझर यांनी रूढ केली. त्या काळी हाड जुळेपर्यंत सुमारे सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवावे लागत. पुढे टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू आले, तोंड बांधून ठेवण्याची गरज बहुतांशी संपली आणि रुग्ण काही दिवसांतच घरी जाऊ लागला. ही फार मोठी सोय झाली. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट नकळत निसटली. दात बांधलेला माणूस आजारी आहे हे सगळ्यांना दिसायचे आणि त्याला दवाखान्यात परत परत यावेच लागायचे. आज दोन-तीन आठवड्यांत बरीच सूज उतरते, सहा ते आठ आठवड्यांत हाड प्राथमिक जुळते, माणूस कामावर जातो आणि सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटते. आत मात्र हाडाची फेररचना वर्षभर चालू असते, दातांच्या तारा अजून सहा महिने ते वर्षभर राहणार असतात आणि नस तर आत्ता कुठे वाढायला लागलेली असते.

नसेचा विचार सविस्तर करायला हवा, कारण सर्वाधिक तक्रारी तिच्या असतात. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून जाते, आणि हाड चिरायचे असते ते नेमके या बोगद्याच्या शेजारी. नस क्वचितच तुटते, पण ती ताणली जाते, दाबली जाते, आणि म्हणून पहिल्या दिवसांत जवळजवळ प्रत्येकाला थोडाफार बधिरपणा असतो. बधिरपणा हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात हनुवटीला चिकटलेले भाताचे शीत समोरच्या माणसाला दिसते, पण स्वतःला कळत नाही. चहाचा कप ओठाला लागला की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावे लागते, आणि चहा किती गरम आहे हे ओठ सांगत नाही, जीभ भाजल्यावरच समजते. घास चावताना ओठही दाताखाली येतो आणि जखम झाल्याचे आरशात बघितल्यावर लक्षात येते. चारचौघांत जेवायला बसण्याची धास्ती यातूनच सुरू होते.

सर हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जननी 1943 मध्ये नसेच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आणि त्या अजूनही वापरात आहेत. पहिल्या पायरीत नस शाबूत असते, फक्त संदेश थांबलेले असतात, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते परत सुरू होतात. दुसरीत आतले तंतू तुटतात पण वरचे वेष्टन टिकते, त्यामुळे तंतू त्याच वाटेने पुन्हा वाढतात. तिसरीत नस पूर्ण तुटते. वाढणारा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे हाड कापले तिथपासून ओठापर्यंतचा हिशेब महिन्यांत करावा लागतो. आता तीन महिन्यांनी दोन रुग्ण ‘ओठ बधिर आहे’ म्हणत आले असे समजा. एकाला मुंग्या येतात, मधूनच खाज येते, बधिर जागेची कड आत सरकली आहे. दुसऱ्याला पहिल्या दिवशीसारखेच ठार काही कळत नाही. पहिल्याला ‘थांबा’ म्हणणे योग्यच आहे, कारण मुंग्या ही नस जागी होत असल्याची खूण असते. दुसऱ्याला तोच शब्द ऐकवून सहा महिन्यांनी बोलावणे मात्र धोक्याचे आहे. नस तुटलेली असेल तर दुरुस्तीचा निर्णय जितका लवकर तितका फायदा अधिक, आणि उशीर झाला की तो घटत जातो. या दोघांत फरक करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. कापसाची वात ओठावरून फिरवायची, रुग्णाने डोळे मिटून कुठे कळते ते सांगायचे आणि बधिर जागेची कड पेनाने आखून फोटो काढून ठेवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी तीच रेघ पुन्हा आखली की नस चालते आहे की थांबली आहे ते दिसते. पहिली रेघच आखलेली नसेल, तर पुढच्या भेटीत केवळ आठवणीवर बोलणे होते.

बधिरपणाच्या जोडीला जळजळ आली, नुसता वारा लागला किंवा दाढीचे ब्लेड फिरले तरी कळ येऊ लागली, तर ते नसेचे दुखणे असते आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ते दाद देत नाही. त्याची औषधे वेगळी आहेत आणि ती वेळेवर सुरू करावी लागतात. महिनोन्महिने साध्या गोळ्या घेऊन पोट बिघडवून घेण्यात काही अर्थ नाही. उलट बाजूने, नस पूर्ण सुधारली नाही तरी त्रास कमी करता येतो, याला आधार आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला नेहमीचे तोंड उघडण्याचे व्यायाम दिले, तर दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीला स्पर्शाचा सरावही दिला. आरशात बघत मऊ ब्रश ओठावरून फिरवायचा, दिशा ओळखायची, मग डोळे मिटून तेच करायचे. सराव केलेल्यांना बदललेल्या जाणिवेचा जाच कमी वाटला. मेंदूला अर्धवट संदेशांतून अर्थ लावायला शिकवता येते आणि त्यासाठी एक ब्रश पुरतो. माझ्या मते हा व्यायाम घरी जातानाच लिहून द्यायला हवा.

तोंड न उघडण्याचेही असेच आहे. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण चार ते पाच सेंटिमीटर उघडते, म्हणजे आपलीच तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रियेनंतर एक बोट मावणे हे सुरुवातीला साहजिक आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून, डॉक्टर सांगतील तेव्हापासून, दर आठवड्याला एखादी वाढवत नेली तर प्रगती काड्यांच्या संख्येतच दिसते. संख्या आठवड्यामागून आठवडे तिथेच अडली, तर व्यायाम चुकतो आहे की सांध्यात काही बिघडले आहे ते बघावे लागते. पट्ट्यांबाबत एवढेच सांगतो की त्या सहसा आयुष्यभर आत राहतात. पण काही महिन्यांनी हिरडीतून पू आला, दबका फोड येऊन फुटत राहिला किंवा हाताला हलते काही लागले, तर प्रतिजैविकांचा कोर्स पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा पट्टी तपासून, हाड जुळले असल्यास, काढून टाकणे हाच बहुधा खरा इलाज ठरतो. तंबाखू आणि धूम्रपान जखम भरण्याच्या आड येतात, हे इथे स्पष्ट बोललेच पाहिजे.

सर्वांत फसवी गुंतागुंत म्हणजे जबडा हळूहळू मूळ जागेकडे परतणे. नॉर्थ कॅरोलिनाचेच विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रुग्णांचे एक्स-रे मोजून कोणती हालचाल किती टिकते याची उतरंड मांडली. वरचा जबडा वर उचलून बसवणे सर्वांत टिकाऊ ठरले, तर तो रुंद करणे सर्वांत कमी. म्हणजे कोणत्या रुग्णावर जास्त लक्ष ठेवायचे हे पहिल्याच दिवशी माहीत असते. शिवाय काही रुग्णांत, विशेषतः ज्यांचा खालचा जबडा मुळातच आखूड होता अशा तरुण मुलींत, कानापुढच्या सांध्यातले हाडाचे टोकच झिजू लागते. हे दुखतेच असे नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे अशा संथ गतीने हनुवटी मागे सरते आणि पुढचे दात उघडे पडतात. घरच्यांना ते दिसत नाही, कारण रोज बघितलेला चेहरा बदलताना कळत नाही. जेवताना मात्र कळते. मागच्या महिन्यात पुढच्या दातांनी तुटणाऱ्या शेवया आता तुटत नाहीत, पापडाचा तुकडा बाजूच्या दातांनी मोडावा लागतो. ही खूण ‘दात जरा हलले असतील’ म्हणून सोडून देऊ नये. दातांच्या तारा घट्ट करून वरवर चावा जुळवता येतो, पण सांधा झिजत असताना तसे केले तर खरा दोष झाकला जातो. आधी झीज थांबली आहे का ते तपासायचे आणि मगच पुढचे पाऊल उचलायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेल्या मुलांचा वेगळा विचार करावा लागतो. लहानपणीच्या शस्त्रक्रियांच्या व्रणांमुळे त्यांचा वरचा जबडा अनेकदा खुजा राहतो आणि वाढ पूर्ण झाल्यावर तो पुढे आणतात. पण जबड्याबरोबर टाळूही पुढे जाते, घशाकडची फट मोठी होते आणि काहींचा आवाज नाकातून येऊ लागतो. ‘बाबा’ म्हणताना ‘मामा’ ऐकू येते, ‘पाणी’तला ‘प’ फुसका निघतो. चेहरा सुधारला, पण फोनवर बोलणे नकोसे झाले, अशा अवस्थेत त्या मुलाला सोडता येत नाही. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून शस्त्रक्रियेआधीच आवाजाची नोंद करून ठेवली असेल, तर नंतरचा बदल किती आणि त्यावर काय करायचे हे ठरवता येते. तसेच खालचा जबडा फार मागे घेतलेल्या माणसाला पुढे घोरणे वाढल्याचे जाणवले आणि दिवसा पेंग येऊ लागली, तर श्वासाची वाट अरुंद झाली का हे तपासावे. जबडे पुढे आणणे हा झोपेतल्या श्वासरोधावरचा मान्य उपचार आहे, तेव्हा मागे नेण्याचा उलटा परिणाम होऊ शकतो हे समजायला अवघड नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की एवढे सगळे आधी सांगितले तर रुग्ण घाबरतील, आणि सूचनेनेच त्रास वाढेल. आक्षेप निराधार नाही. अपेक्षेचा परिणाम वेदनेवर होतो हे खरेच आहे. पण न सांगितल्याने भीती टळत नाही, ती फक्त मध्यरात्री आरशासमोर, एकट्याने, आणि शंभरपट होऊन येते. पहिल्या आठवड्यांत सूज, द्रव आहार, घटलेले वजन आणि अपुरी झोप यांनी मन खचतेच. त्यात नवा चेहरा आपला वाटत नाही आणि भेटायला आलेले नातेवाईक ‘आधी बरी दिसायचीस’ म्हणून जातात. हे अपेक्षित आहे, याची तीव्रता बहुतेकांत ओसरते, आणि महिना-दीड महिन्यानंतरही ओसरली नाही तर अमुक डॉक्टरांना भेटायचे, एवढे माहीत असलेला माणूस कमी घाबरतो. भीती त्रासांची यादी ऐकून वाढते. त्याच यादीत प्रत्येक त्रासापुढे मुदत आणि पुढची वाट लिहिली की ती आवाक्यात येते.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. ही तर हौसेची शस्त्रक्रिया, दिसण्यासाठी केली, मग आता तक्रार कशाला? विम्याचे दावेसुद्धा पुष्कळदा याच शब्दावर अडतात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेल्या असतात, आणि वैद्यकीय गरज होती हे कागदांनिशी दाखवावे लागते. ज्याला घास चावता येत नव्हता, ओठ मिटता येत नव्हते, त्याने केलेली ही हौस नव्हे. आणि समजा कुणी केवळ चेहऱ्यासाठी केली, तरी नस ताणली जाते ती हेतू विचारून ताणली जात नाही. ‘तूच ओढवून घेतलेस’ हे ऐकण्याच्या भीतीने तक्रार दाबून ठेवणारा रुग्ण नेमका तेव्हा गप्प बसतो, जेव्हा त्याने बोलायला हवे असते.

तिसरा आक्षेप सरकारी दंत महाविद्यालयात काम करणाऱ्या कुणाही डॉक्टरला सुचेल: बाहेर रांग असताना हे मोजमाप करायचे कुणी, आणि दूरच्या तालुक्यातला रुग्ण दर महिन्याला मुंबई-नागपूरला येणार कसा? पण वर सांगितलेल्या मोजमापांना मोठे रुग्णालय लागतच नाही. घरी जाताना एका कार्डावर पहिल्या दिवशीचे आकडे लिहून द्यावेत: तोंड किती मिलिमीटर उघडते, बधिर जागेची कड कुठे आहे, पुढचे दात टेकतात का. खाली दीड, तीन, सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेसमोर कोणता आकडा आला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा ते. हे कार्ड तालुक्यातल्या दंतवैद्याकडे नेले की सहा इंची पट्टी, कापसाची वात आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर दहा मिनिटांत नोंद होते आणि फोटो त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांपर्यंत पोचतो. आकडे ठीक असतील तर उत्तर तेच येईल, थांबा, पण त्याच्यापुढे पुढची तारीख असेल.