तात्पुरत्या कुंपणाचे सांधे

शाळेच्या आवारात नव्या वर्गखोलीचे काम निघते, जुनी भिंत पाडावी लागते, अथवा पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला जातो. तरी शाळा काही बंद ठेवता येत नाही. एका अंगास गवंड्याची थापी आणि दुसऱ्या अंगास पाढे, असा क्रम काही महिने चालतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमास जोडलेल्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीस संरक्षक भिंत अथवा कुंपण असावे, असे सांगितले आहे. परंतु बांधकामाच्या काळात धोका आवाराबाहेरून येत नाही. तो आवाराच्या आतच, मधल्या सुट्टीत मुले जिथे धावतात तिथून दहा पावलांवर, उघड्या खड्ड्याच्या व उभ्या सळयांच्या रूपाने असतो. म्हणून मुले आणि काम यांच्यामध्ये तात्पुरते कुंपण घालावे लागते.

असे कुंपण बहुधा लोखंडी चौकटींचे असते. पाइपाची चौकट, तिच्यात वेल्ड केलेली तारेची जाळी किंवा पातळ पत्रा, आणि खाली आडव्या बैठका. चौकट सुमारे दोन मीटर उंच व दोन ते साडेतीन मीटर लांब असते. जाळीची एक चौकट एका माणसास उचलता येते. तिचे वजन साधारणतः 15 ते 20 किलो, म्हणजे पहिलीतील एखाद्या मुलाच्या वजनाइतके भरते. दोन मीटर उंचीवरून ती मुलाच्या अंगावर आडवी आली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. चौकटी ठेकेदार आणतो, उभ्या तोच करतो आणि पुढे नेतोही तोच. परंतु दिवसभर त्यांच्याजवळ वावरतात ती शाळेची मुले. यास्तव त्या कशाने जोडल्या आहेत, हे शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे अगत्याचे आहे.

कित्येक ठिकाणी दोन चौकटींचे उभे पाइप शेजारी ठेवून त्यांना सळया बांधावयाच्या काळ्या तारेचे चार वेढे दिलेले आढळतात. ही तार मुद्दाम मऊ केलेली असते. हाताने पीळ बसावा हाच तिचा गुण. त्याच गुणामुळे कुंपण हलू लागले की तिचा पीळ सैल होतो, तार ताणते आणि अखेरीस तुटते. शिवाय तिची टोके नेमकी लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बाहेर आलेली असतात. काथ्याची अथवा सुंभाची दोरी पावसात भिजली की फुगून आवळते व उन्हात सुकली की ढिली पडते. दोन-चार सरी झाल्या की गाठ पाइपावरून खाली घसरलेली दिसते. प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसावयास नीटनेटक्या खऱ्या, पण उन्हाने त्या ठिसूळ होतात. फलक टांगण्यापलीकडे त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. चौकटीस चौकट जोडावयाची तर नट-बोल्टाचा लोखंडी क्लॅम्पच हवा.

सांध्यावर ताण कोठून येतो, हे समजल्यावाचून क्लॅम्पची निवड नीट होत नाही. मुले जाळीला लोंबकळतात, मजूर तिला घमेली टेकवतात, परंतु खरा ताण वाऱ्याचा असतो. वाऱ्याचा वेग दर सेकंदास जितके मीटर असेल त्या संख्येचा वर्ग करून त्यास 0.6 ने गुणले, की आडव्या आलेल्या पृष्ठावर दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब पडेल, याचा अंदाज मिळतो. ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदास 10 मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला 60 न्यूटन दाब देतो. दोन मीटर उंच व तीन मीटर लांब अशा बंद चौकटीवर तो 360 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 37 किलो वजनाच्या ओझ्याएवढा होतो. वेग दुप्पट झाला तर दाब मात्र चौपट होतो. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ उठते तिचा वेग सेकंदास 20 मीटर धरला, तर त्याच चौकटीवर 1440 न्यूटन, म्हणजे 147 किलोंच्या ओझ्याइतका रेटा बसतो. उघड्या जाळीतून बहुतेक वारा आरपार जातो, म्हणून तिला एवढे सोसावे लागत नाही. परंतु धूळ येऊ नये म्हणून त्याच जाळीवर हिरवे कापड बांधले, अथवा राष्ट्रीय सणाच्या निमित्ताने मोठा फलक लावला, की जाळीची चौकट शिडासारखी होते. कालपर्यंत भक्कम वाटलेले कुंपण आज का पडले, याचे उत्तर पुष्कळदा त्या कापडातच असते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. चौकटी एकमेकींना घट्ट जोडल्या म्हणजे त्या एकमेकींना सावरतील, असे सर्वांस वाटते. पण सरळ रेषेत उभ्या असलेल्या सर्व चौकटींवर वारा एकदमच येतो. प्रत्येक पडू पाहते, आणि मग एकीऐवजी ओळच्या ओळ आडवी होते. ओळीस सावरते ते कोपऱ्यावर काटकोनात वळलेले कुंपण, मागच्या अंगास दिलेला तिरकस टेकू व त्याच्या पायथ्याशी ठेवलेली वाळूची पोती. मधल्या चौकटीवरचा रेटा त्या टेकूपर्यंत व कोपऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे क्लॅम्पचे काम होय. एकही सांधा वाटेत सुटला तर पलीकडचा टेकू असून नसल्यासारखाच. म्हणूनच क्लॅम्प उत्तम निवडावा. मात्र टेकूची उणीव त्याने भरून निघेल, अशी अपेक्षा धरू नये.

निवडीतील सर्वांत मोठी चूक मापात होते. नळाचा पाइप ज्या मापाने ओळखला जातो ते त्याच्या आतल्या पोकळीशी निगडित असलेले नाममात्र माप असते. क्लॅम्प तर पाइपाला बाहेरून धरतो. बाजारात ज्यास दीड इंची पाइप म्हणतात त्याचा बाहेरील व्यास 48.3 मिलीमीटर असतो, सव्वा इंचीचा 42.4 व एक इंचीचा 33.7. दीड इंच म्हणजे 38 मिलीमीटर, असा हिशेब मांडून क्लॅम्प मागविले तर ते पाइपावर बसणारच नाहीत. याउलट 38 मिलीमीटर बाहेरील व्यासाच्या नळीच्याही चौकटी असतात, आणि त्यांच्यावर 48 चा क्लॅम्प चढतो खरा, पण नुसता गळ्यातल्या माळेसारखा राहतो. व्यास मोजण्यास वर्गात मिळते तेवढे साहित्य पुरे. कागदाची अरुंद पट्टी पाइपाभोवती ताठ गुंडाळावी, टोक जिथे मिळेल तिथे खूण करावी, पट्टी उलगडून लांबी मोजावी व त्या लांबीस 22 ने भागून 7 ने गुणावे. पट्टी 152 मिलीमीटर भरली तर व्यास 48 च्या किंचित वर येतो. दोरा वापरू नये, तो ताणतो. परिघाचा पाठ ज्या वर्गात चालू असेल तेथील मुलांकडून हे मोजमाप करवून घेण्यास हरकत नाही. मात्र काम सुरू होण्यापूर्वी.

पट्टी एकाच चौकटीस गुंडाळून थांबू नये. ठेकेदाराने दोन ठिकाणांहून जमविलेल्या चौकटींचे पाइप पुष्कळदा भिन्न जाडीचे असतात. चौकटी जोडण्याच्या क्लॅम्पमध्ये दोन खोबणी असतात, प्रत्येक पाइपास एक. दोन्ही पाइप सारखे नसतील तर एक घट्ट धरला जातो आणि दुसरा खुळखुळतो. लांबून मात्र सांधा पुरा झालेला दिसतो. चौकोनी नळीच्या चौकटीस गोल खोबणीचा क्लॅम्प लावणे हेही असेच फसवे. तो केवळ कोपऱ्यांवर टेकतो आणि पहिल्या हिसक्यासरशी फिरतो.

माप बरोबर आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. क्लॅम्पची दोन पाती पाइपांवर चढवून पान्याने नट पूर्ण आवळावे. तसे केल्यावरही पात्यांमध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट उरली पाहिजे. पाती एकमेकींस पूर्णपणे भिडली, तर आवळण्याचा जोर पाइपावर न जाता पात्यांवरच खर्ची पडला, असे समजावे. त्यानंतर क्लॅम्पवर पायाने दाब देऊन तो खाली सरकतो का पाहावे. पाती पातळ पत्र्याची असतील तर नट आवळताना त्यांच्या कडा बाहेर वळून तोंड वासते. अशी पाती परत करावीत. ओतीव बिडाचे क्लॅम्प जाड व दणकट दिसतात, पण बीड ठिसूळ असते. हातोड्याच्या घावाने किंवा चौकट आपटल्याने ते तडकते, आणि तडा रंगाखाली दिसत नाही. दाबून घडविलेल्या जाड पोलादी पत्र्याचे क्लॅम्प या कामास अधिक बरे.

बोल्टाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, वास्तविक अर्धा भरवसा त्याच्यावरच असतो. ज्याचे डोके गुळगुळीत अर्धगोल आहे व डोक्याखाली चौकोनी मान आहे, असा बोल्ट निवडावा. ती मान पात्याच्या चौकोनी भोकात अडकते, म्हणून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. आणि गुळगुळीत डोक्यास पाना लागत नाही. डोके मुलांच्या बाजूस व नट कामाच्या बाजूस ठेवला म्हणजे कोणाही खोडकराच्या हाती नट येत नाही व खेळता खेळता कोणाचा सदराही अडकत नाही. नटाखाली स्प्रिंग वायसर असावा आणि नटाबाहेर बोल्टाचे दोन-तीन आटे दिसावेत. बोल्ट फार लांब असेल तर उरलेला भाग मजुरांच्या हातापायांना लागतो. तो कापून कानशीने घासावा. सांधे वेल्ड करून टाकावेत, अशी सूचना कधीकधी पुढे येते. ती मानू नये. रुग्णवाहिका किंवा पाण्याचा टँकर आत घ्यावयाचा झाल्यास दोन नट काढून वाट मोकळी झाली पाहिजे.

गंजाविषयी थोडेसे. आरशासारखी चकाकी असलेल्या क्लॅम्पवर जस्ताचा थर अगदी पातळ असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला क्लॅम्प राखाडी व मंद दिसतो, पण त्याचा थर पुष्कळ जाड असतो. कोकणात खाऱ्या हवेत व मुसळधार पावसात चकाकणारा क्लॅम्प लवकरच तांबूस पडतो. तेथे मंद दिसणाराच मागावा.

एका सांध्यास दोन क्लॅम्प लागतात, एक वरच्या टोकापासून वीतभर खाली व दुसरा जमिनीपासून हातभर वर. एकाच क्लॅम्पवर चौकटी बिजागरीसारख्या फिरतात, आणि खालच्या फटीतून लहान मूल सहज शिरते. खेळाच्या मैदानाकडील बाजूस मध्यावर तिसराही असावा. उतारावरील आवारात शेजारच्या चौकटी खालीवर होतात. तेथे क्लॅम्प चढविण्यासाठी चौकटी ओढून वाकवू नयेत, बैठकीखाली फळी देऊन पाइप आधी समांतर करावेत.

क्लॅम्प बसवून झाल्यावर प्रत्येक नटावरून पात्यापर्यंत तैलरंगाची एक सरळ रेघ ओढून घ्यावी. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटते आणि ते चार हातांवरूनही दिसते. दर सोमवारी प्रार्थनेपूर्वी, तसेच प्रत्येक वादळी पावसानंतर मुले आवारात येण्याआधी, कुंपणाच्या कामाकडील अंगाने फेरी मारून या रेघा पाहाव्यात. तुटलेली रेघ आढळल्यास नट आवळून नवी रेघ ओढावी व त्याची नोंद तारखेनिशी वहीत करावी. तोच सांधा पुन्हा सैल झाला तर केवळ आवळून भागणार नाही; टेकू सरकला आहे का, की तेथे कोणी कापड बांधले आहे, हे शोधावे. ठेकेदारास द्यावयाची सूचना तोंडी न देता लेखी द्यावी व तिची प्रत शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी.

क्लॅम्प शाळेच्या पैशाने घेतले असतील तर काम संपल्यावर ते मोजून परत घ्यावेत, आट्यांना तेल लावून नट बोल्टावरच फिरवून ठेवावेत आणि डब्यावर पाइपाचा बाहेरील व्यास मिलीमीटरमध्ये लिहावा.