सांगणारा डोंगर, ऐकणारी देवी

वणीहून नांदुरीकडे जाताना डाव्या हाताला मोहनदरचा डोंगर लागतो. त्याच्या माथ्याजवळच्या पातळ कातळभिंतीला आरपार भोक आहे. एसटीतली एखादी आजीबाई नातवाला हमखास ते नेढं दाखवते : देवी महिषासुराच्या मागे लागली, वाटेत डोंगर आडवा आला, तर ती तो फोडूनच पलीकडे गेली. भूगोलाचा मास्तर सांगेल की बेसॉल्टची भिंत दोन्हीकडून झिजत गेली आणि मधला कच्चा थर निखळला. सप्तशृंग गडावर देवीच्या दर्शनाला निघालेल्यांना अर्थातच आजीबाईचं पटतं.

हा गड नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात, सातमाळा रांगेत आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धं पीठ ते हेच. पण ‘अर्धं’ हे फक्त मोजणीपुरतं. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत इथे जी गर्दी लोटते, ती पाहून अर्ध्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगावकडून माणसं चालत येतात. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं डांबर, हातात भगवं निशाण आणि तोंडी अहिराणी. खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी. यात्रेत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, पुढचा घाट एसटीने किंवा पायी. पायवाटेच्या एका घाटाचं नाव रडतोंडी आहे. ते कुणी ठेवलं असेल ते असो, चढून पाहिलं की नाव बदलावंसं वाटत नाही.

गडावरून पुढे मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत. नवस फेडणाऱ्या बायका पायरीपायरीला हळदकुंकू वाहत चढतात. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. वर कड्याच्या पायथ्याशी कातळातच कोरलेली सुमारे आठ फुटी, अठराभुजा मूर्ती आहे. अंगावर अकरा वार साडी, मुखात तांबूल. वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर 2022 मध्ये काढला, तेव्हा आतला मूळ कोरीव चेहरा लोकांना दिसला. मान किंचित एका बाजूला कललेली आहे. का, ते कळायचं तर दर्शन झाल्यावर लगेच प्रसादाच्या दुकानांकडे न वळता समोर पाहावं.

समोर, दरीपलीकडे, मार्कंडेयाचा डोंगर आहे. मार्कंडेय ऋषी तिथे बसून सप्तशतीचं पारायण करत आणि देवी इथून कान देऊन ऐके, म्हणून मान कलली, अशी कथा. सप्तशती म्हणजेच ‘देवीमाहात्म्य’ मार्कंडेयपुराणातच येतं, त्यामुळे ऋषींना देवीसमोर जागा मिळाली हे रीतीला धरूनच झालं. मला या कथेत आवडतं ते हे, की अठरा हातांची, शस्त्रं घेतलेली देवी इथे ऐकणारी आहे. राक्षसाला मारून मोकळी झाली आहे आणि आता निवांत स्वतःचीच गोष्ट ऐकते आहे. ही गोष्ट दोन डोंगरांशिवाय पुरी होत नाही, पण गर्दी मात्र सगळी एकाच डोंगरावर. मार्कंडेयाच्या वाट्याला येते ती सोमवती अमावस्या. त्या दिवशी तिथे जत्रा भरते, एरवी गुराखी आणि गिर्यारोहक.

चैत्रोत्सवातला सगळ्यात विलक्षण प्रकार चतुर्दशीच्या रात्री घडतो. मंदिराच्या वर सरळसोट सुळका आहे आणि त्यावर कीर्तिध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. चैत्रात एकदा, नवरात्रात एकदा. आधी ध्वजाची पूजा आणि मिरवणूक, मग अंधार पडल्यावर पूजेचं सामान आणि काठी घेऊन माणूस कड्याकडे निघतो. वर जायची वाट खालून दिसत नाही. ज्या कड्यापुढे दिवसा आपली मान दुखते, त्यावर हा मध्यरात्री चढतो. सकाळी शिखरावर फडका दिसला की भाविक कळसाला करावा तसा त्याला नमस्कार करतात. तो नेमका कसा चढला, यावर पारावर तासन्‌तास चर्चा झडते. ज्यांना माहीत आहे ते त्या चर्चेत नसतात.

आश्विनात कोजागरीला पुन्हा गड भरतो. कावडीवाले नद्यांचं पाणी घेऊन येतात, तृतीयपंथीयांचा मोठा मेळा जमतो. या दोन मोसमांत दर्शन रांगेतूनच होतं, आणि रांगेत मार्कंडेय दिसला तरी पाहायची उसंत नसते. तेव्हा ज्याला दोन्ही डोंगर पाहायचेत त्याने पावसाळा सरल्यावर, यात्रा नसताना यावं. वणीकडून बाबापूर-मुळाण्याच्या बाजूने मुळाणे बारीत उतरलं की एका हाताला रवळ्या-जवळ्याचे डोंगर, दुसऱ्या हाताला मार्कंडेय. चढ दमवणारा आहे आणि माथ्यावर चहाची टपरी नाही, पाणी खालूनच घ्यावं. वर ऋषींचं छोटं देऊळ आहे, आणि तिथून पश्चिमेला पाहिलं की गडाचा अख्खा कडा समोर उभा राहतो. पारायणाला जागा उत्तम निवडली होती, एवढं मात्र खरं.